हॉलची किल्ली

मराठीने नाटकवाल्यांची एक गंमत करून ठेवली आहे. नाटक लोकांसमोर होतं त्याला आपण ‘प्रयोग’ म्हणतो. प्रयोगशाळेत लिटमस कागद बुडवून बघतात तोही प्रयोगच. त्यामुळे एखादं नाटक त्याच वाक्यांवर तेच हशे घेत पाचशे वेळा झालं, तरी जाहिरातीत ‘५०० वा प्रयोग’ असं छापून येतं. आणि ज्याला आपण ‘प्रायोगिक’ नाटक म्हणतो त्याचे प्रयोग मात्र दहा-पंधराच्या पुढे क्वचितच सरकतात.

आमचे तर एकेका नाटकाचे दोनच झाले.

गेल्या वर्षी पाऊस सरताना आम्ही पाच जणांनी पुण्यात सहा नव्या नाटकांचा हंगाम केला. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, नव्वद प्लास्टिकच्या खुर्च्या, उसने आणलेले आठ दिवे. एका नाटकात एकही शब्द नव्हता. एक पूर्ण अंधारात होतं. सर्वांत चांगल्या दिवशी एकाहत्तर प्रेक्षक आले, सर्वांत वाईट दिवशी नऊ, त्यातले तीन नटाच्या घरचे. तरी आम्ही खूश होतो. मग दिवाळीनंतर हॉलच्या मालकांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की जानेवारीपासून हॉल कोचिंग क्लासला द्यायचा ठरला आहे. काका वाईट नाहीत. क्लासवाले आठवड्याचे सातही दिवस घेणार होते आणि महिन्याच्या एक तारखेला पैसे देणार होते. आम्ही दोन शनिवारांचे देत होतो, तेही कधी कधी पुढच्या शनिवारी.

आमच्या ग्रुपवर दोन दिवस खूप राग निघाला. शहराला संस्कृतीची किंमत नाही वगैरे. मी गप्प होते, कारण मला ऑगस्टमधला एक मेसेज आठवत होता. तो मीच टाइप केला होता. मराठवाड्यातून शिकायला आलेल्या मुलामुलींच्या एका गटाने आमच्याकडे एक मधला बुधवार मागितला होता. त्यांचं नाटक तयार होतं, जागा नव्हती. मी लिहिलं होतं की सध्या आमच्या तालमी चालू आहेत, दिवे उसने आहेत, जबाबदारी कोण घेणार, पुढे कधीतरी नक्की बघू. त्या बुधवारी हॉल रिकामाच होता.

तर या निमित्ताने मी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलबद्दल पुन्हा वाचायला बसले. ‘छबिलदास’ हे नाव नाटकाच्या वर्तुळात इतक्या वेळा कानावर पडतं की ते एखाद्या ऋषीचं वाटायला लागतं. पण ती जागा म्हणून चालायची कशी, हे मी कधी नीट विचारलंच नव्हतं.

*

आपल्याकडे प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास माणसांच्या नावांनी सांगतात. विजया मेहता, तेंडुलकर, दुबे, आळेकर, एलकुंचवार. ते बरोबरच आहे. पण तोच इतिहास खोल्यांच्या नावांनी सांगून पाहिला तर वेगळं काहीतरी दिसतं. ‘फ्रिंज’ हा जगभर पसरलेला शब्दसुद्धा जागेच्याच भानगडीतून आला. १९४७ साली एडिंबरोत पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना तिथे पोचल्या आणि मिळेल त्या सभागृहांत त्यांनी आपापले प्रयोग लावले. महोत्सवाच्या काठावर चाललेलं नाटक, म्हणून ते फ्रिंज.

मुंबईत पन्नास-साठच्या दशकांत असा एक काठ वॉर्डन रोडवर होता. भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. एका मोठ्या बंगल्यातल्या खोल्या नाममात्र भाड्यात कलावंतांना दिलेल्या. एका बाजूला हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढताहेत, दुसरीकडे रविशंकरांच्या ‘किन्नर’मध्ये सतार वाजते आहे, आणि मध्ये नाटकाची तालीम. इब्राहिम अल्काझी तिथलेच. पुढे त्यांनी कंबाला हिलवर आपण राहत होते त्याच इमारतीच्या गच्चीवर थिएटर केलं. सहा मजले चढून प्रेक्षक यायचे. १९६२मध्ये अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाकरता दिल्लीला गेले आणि ‘थिएटर युनिट’ सत्यदेव दुबेंच्या हाती आलं. दुबेंनी त्याच गच्चीवर धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ केलं. रेडिओसाठी लिहिलेलं आणि रंगमंचावर होणारच नाही असं वाटणारं ते काव्यनाटक मुंबईत आकाशाखाली झालं. तसं करणं शक्य झालं याचं मोठं कारण गच्चीला कोणी तारीख विचारत नव्हतं, हेही आहे.

‘तारीख’ या शब्दाचा नाटकातला अर्थ बाहेरच्यांना सांगावा लागतो. मोठ्या नाट्यगृहांत निर्मात्यांना तारखांचं वाटप होतं. शनिवार-रविवारची दुपार आणि रात्र म्हणजे सोनं. ज्याचं नाटक चालतं त्याला ती मिळते, आणि जे नाटक अजून कोणी पाहिलेलं नाही त्याला मंगळवारची सकाळ. नवीन, विचित्र नाटक आधीच अर्धं हरलेलं असतं.

विजया मेहतांनी १९६०मध्ये ‘रंगायन’ सुरू केली तेव्हा या गणिताला बगल देण्याचा एक मार्ग काढला. सभासद करायचे, त्यांच्याकडून वर्गणी घ्यायची आणि त्यांच्यासाठी मोजके प्रयोग करायचे. गल्ल्याची काळजी नको. त्या भरवशावर त्यांनी आयनेस्कोच्या एकांकिकेवरून ‘खुर्च्या’ केलं आणि पुष्कळ सभासद चिडले. मला या प्रसंगाचं फार कौतुक वाटतं. प्रेक्षक चिडले, तरी चिडायला ते आलेले तर होते! आमच्या अंधारातल्या नाटकाला कोणी चिडलं नाही. लोकांनी बाहेर पडताना ‘छान, वेगळं होतं’ असं म्हटलं आणि पार्किंगमधली गाडी काढली.

रंगायनचीच १९६७ची ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. राज्य नाट्यस्पर्धेसाठी केलेलं, अरविंद देशपांडेंनी बसवलेलं, सुलभा देशपांडेंची लीला बेणारे. ते तुम्ही कॉलेजात वाचलं असेल. पण पुन्हा वाचताना नाटकाची जागा बघा. मुंबईहून प्रयोगासाठी एका गावात आलेली हौशी मंडळी, आणि त्यांच्यासाठी उघडून दिलेला एक रिकामा हॉल. सुरुवातीलाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट सापडतं. पुढे तिला तिथून बाहेर पडायचं असतं तेव्हा तीच कडी अडते. आधुनिक मराठी रंगभूमीतलं हे एवढं मोठं नाटक एका उसन्या हॉलमध्ये आणि त्याच्या न उघडणाऱ्या दारात घडतं. ज्याने वर्षानुवर्षं नाटकवाल्यांबरोबर हॉल शोधत हिंडण्यात काढली आहेत, त्यालाच ती कडी सुचेल असं मला वाटतं.

सत्तरच्या सुमारास रंगायन फुटली. नाट्यसंस्था फुटणं हा मराठीतला नेहमीचाच ऋतू आहे. पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ १९७२च्या डिसेंबरात आलं, एकोणीस प्रयोगांनंतर ते संस्थेने थांबवलं, आणि ते करणारे लोक बाहेर पडून १९७३मध्ये ‘थिएटर अॅकॅडमी’ झाले. मुंबईत रंगायनमधून अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे बाहेर पडले आणि १९७१मध्ये ‘आविष्कार’ उभी राहिली. पहिलं नाटक केलं गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’, तेंडुलकरांच्या अनुवादातलं, अरुण सरनाईक तुघलकाच्या भूमिकेत. भव्य काम. लहान संस्थेने आपल्या पायावर उभं राहताना एवढं मोठं नाटक का घ्यावं, याचं उत्तर प्रत्येक नव्या गटाला ठाऊक असतं. आम्हीही सहा नाटकं घेतलीच की.

*

आणि मग १९७४मध्ये छबिलदास.

सुलभाताई छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी तेंडुलकरांनी बालनाट्यंही लिहिली होती. शाळेशी नातं असं आधीपासूनचं. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. गल्लीत आज तुम्ही गेलात तर नाटकापेक्षा वडा जास्त प्रसिद्ध आहे, आणि ते चुकीचं आहे असं वडा खाल्ल्यावर म्हणवत नाही. त्या शाळेचा हॉल आविष्कारला प्रयोगांसाठी मिळाला.

हे नाट्यगृह नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. दिवसा शाळा. संध्याकाळी नाटक. म्हणजे भिंतीला कायमचं काही ठोकायचं नाही, नेपथ्य उभं करून ठेवायचं नाही, आणि प्रयोग संपला की सगळं उचलायचं. जे नाटक टेम्पोभर सामानाशिवाय उभं राहत नाही त्याचं इथे काम नाही. खाली दादरचा बाजार, भाजीवाल्यांच्या आरोळ्या. हळू बोलण्याचा अभिनय करायचा तर तो या आवाजाच्या वर आणि तरीही हळू करायचा.

पण खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या नव्हत्या. माझ्या मते ती त्या हॉलची सगळ्यात मोठी देणगी. शिवाजी मंदिरात दिग्दर्शक कितीही क्रांतिकारक असला तरी प्रेक्षक कुठे बसणार हे इमारत बांधणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. छबिलदासमध्ये रोज विचारावं लागायचं, की आज लोकांना कुठे बसवायचं? एकदा हा प्रश्न पडला की नाटकच बदलायला लागतं.

त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘जुलूस’. मूळ बादल सरकारांचं बंगाली ‘मिछिल’. सरकार तोवर पडद्याच्या रंगमंचापासून दूर गेले होते. नेपथ्य नको, दिवे नकोत, तिकिटाची सक्ती नको, नट आणि प्रेक्षक एकाच जमिनीवर हवेत, असा त्यांचा आग्रह होता. ‘मिछिल’ म्हणजे मिरवणूक, मोर्चा. त्यात बसण्याची रचना अशी असते की प्रेक्षकांच्या मधून वळणावळणाची वाट राहते आणि त्या वाटेवरून एकामागून एक मोर्चे जात राहतात. घोषणांचे, धर्माचे, मागण्यांचे. त्या गर्दीत खोका नावाचा एक मुलगा मारला जातो, रोज मारला जातो, आणि कोतवाल सांगत राहतो की काही झालेलं नाही, घरी जा. मराठीत हे अमोल पालेकरांनी केलं, आणि छबिलदासच्या जमिनीला ते शोभलं. नट तुमच्या गुडघ्याला घासून जातो. घोषणा समोरून येत नाही, मागून येते. मुंबईकराने दारावरून जाणारा मोर्चा हजारदा पाहिलेला. पण मोर्च्याच्या आत खुर्ची टाकून बसण्याचा अनुभव वेगळा असणार. हेच नाटक उंच रंगमंचावर, लाल पडद्यामागे केलं तर ते मोर्च्याबद्दलचं नाटक होईल. इथे मोर्चाच होतो.

लेखकांच्या बाबतीत छबिलदासने काय केलं, ते अधिक हळू घडलेलं आहे. अच्युत वझे यांचं ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’सारखं तिरकस नाटक, पुण्याहून येणाऱ्या थिएटर अॅकॅडमीची नाटकं, एलकुंचवारांचं लेखन, ही सगळी त्या दहा-पंधरा वर्षांतली. सतीश आळेकरांचंच बघा. ‘महानिर्वाण’ १९७४चं. मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतो. ‘बेगम बर्वे’ १९७९चं. संगीत नाटकात स्त्रीपार्टाच्या आशेवर आयुष्य काढलेला आणि आता उदबत्त्या विकणारा एक माणूस, आणि त्याच्यात आपली बायको बघणारा एक कारकून. ही कल्पना कुठल्या कंत्राटदाराला दोन मिनिटांत समजावून सांगता येईल? पण अशा नाटकाला पाच हजार प्रेक्षक लागतच नाहीत. दीडशे लागतात, पुन्हा येणारे आणि दुसऱ्याला आणणारे. असे दीडशे लोक एका जागी ठरलेल्या वारी भेटतात हे लेखकाला माहीत असलं, की तो बिचकत नाही. आळेकर पुण्यात, एलकुंचवार नागपुरात. आपलं लिखाण अमुक एका हॉलमध्ये होऊ शकतं हे दूर बसून माहीत असणं, याचा त्यांच्या पिढीच्या लिहिण्यावर किती परिणाम झाला असेल हे मोजता येत नाही. मला तो पुष्कळ वाटतो.

*

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं वाचत होते तिथे येते.

हॉल आविष्कारला मिळाला होता. त्यांना तो फक्त स्वतःसाठी ठेवता आला असता. मी ठेवला तसा. त्यांनी तो इतर संस्थांना खुला केला. म्हणून तर ‘छबिलदास चळवळ’ असा शब्द रूढ झाला, ‘आविष्कार चळवळ’ झाला नाही. पालेकरांची ‘अनिकेत’ तिथे नाटकं करत होती, दुबे हिंदी-मराठी दोन्ही करत होते, पुणेकर येत होते. यातले काही जण एकमेकांची नाटकं बघून कपाळाला हात लावणारे होते. दुबे तर तोंडावर सांगणाऱ्यांतले. तरी दुसऱ्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये.

याचा कारभार ज्यांनी वाहिला ते अरुण काकडे. नाट्यवर्तुळात काकडेकाका. ते रंगायनपासून पडद्यामागे होते आणि २०१९मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर गेले, तोपर्यंत तेच करत राहिले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘अमका’. अरुण मधुकर काकडे या नावाची आद्याक्षरं, पण अर्थ पाहा, अमका-तमकामधला अमका. नाव नसलेला कुणीही. रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण दिग्दर्शकांच्या शैलीवर प्रकरणं लिहितो, पण तारखा कोणी लावल्या, जाहिरात कोणी दिली, शाळेच्या शिपायाशी गोड कोण बोललं, भाडं थकलं तेव्हा कोण जाऊन उभं राहिलं, यावर परिच्छेद लिहायलाही कोणी बसत नाही. हंगाम चालवून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की दिग्दर्शक मिळतात. काकडे मिळत नाहीत.

आणि उदारपणाची किंमत असते, हे मला आता कळतं. दुसऱ्याच्या प्रयोगात दिवा फुटला तर तो तुमचाच फुटतो. दुसऱ्याच्या नाटकाला गर्दी झाली की तुमच्या रिकाम्या खुर्च्या जास्त टोचतात. शिवाय दुसऱ्याचं नाटक सेन्सॉरमध्ये अडकलं असेल तर हॉल ज्याच्या नावावर आहे त्यालाही विचारणा होऊ शकते. महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जावी लागते, हे आपल्यातल्या अनेकांना पहिला प्रयोग लावेपर्यंत ठाऊकच नसतं. मी ऑगस्टमध्ये ‘जबाबदारी कोण घेणार’ असं लिहिलं होतं, तो प्रश्न खोटा नव्हता. फक्त त्याचं उत्तर देणारे लोक होऊन गेले होते.

*

छबिलदासचा देव्हारा मात्र मला करायचा नाही. देव्हारा केला की एक गोष्ट दिसेनाशी होते, ती म्हणजे तिथे कोण बसत होतं.

दादर, माहीम, पार्ले. नोकरी करणारा, पुस्तकं वाचणारा, बहुतांशी उच्चवर्णीय मध्यमवर्ग. रंगमंचावरही बराचसा तोच. ज्या वर्षांत छबिलदास भरात होतं त्याच वर्षांत दलित रंगभूमीही आपली जागा शोधत होती, आणि तिच्या जागांचा इतिहास निराळा आहे. म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ १९५६मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांच्या उपस्थितीत झालं. समोर जनसमुदाय, वर उघडं आभाळ. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ १९७७ची. दोन नट, नेपथ्य जवळजवळ शून्य, विषय पाण्याचा. वस्तीत, कॉलेजात, कुठेही उभी राहू शकणारी एकांकिका. नेपथ्याला फाटा देणं ही बादल सरकारांच्या वाचकांसाठी रंगभूमीची भूमिका होती. वस्तीत नाटक करणाऱ्यांकडे नेपथ्याला पैसेच नव्हते. समीक्षेत पहिल्याला ‘थर्ड थिएटर’ म्हणून प्रकरण मिळालं, दुसऱ्याला बराच काळ ‘साधनांची कमतरता’ एवढंच.

रत्नाकर मतकरींनी ‘लोककथा ’७८’ केलं, गावातल्या दलितांवरच्या अत्याचाराबद्दलचं, तेव्हा ते शहरी प्रेक्षकाच्या अंगावर आलं. तसं ते येणं गरजेचंच होतं. पण अंगावर आलेला प्रेक्षक आणि ज्याच्याबद्दल नाटक आहे तो, हे दोघे एका हॉलमध्ये शेजारी बसले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतो. एलकुंचवारांनी ‘पार्टी’मध्ये याच वर्तुळाला आरसा दाखवला आहे. दमयंती राण्यांच्या घरी जमलेले लेखक-कलावंत, आणि आदिवासींमध्ये जाऊन राहिलेला, म्हणून तिथे नसलेला कवी अमृत. नसलेल्या माणसाबद्दल रात्रभर बोलणारी माणसं. ज्यांनी हे नाटक पाहिलं त्यांच्यातले कितीतरी जण ‘पार्टी’तलेच होते. ते लिहिणारा लेखक त्याच वातावरणात वाढला आणि ते पाहणारेही ते सहन करू शकले, हे त्या वर्तुळाच्या बाजूने मी जमा करते. पण ते वर्तुळच होतं.

मराठवाड्यातल्या त्या मुलांच्या नाटकाचा विषय मी ऑगस्टमध्ये विचारलाही नव्हता.

*

शेवट फार नाट्यमय नाही. १९७८मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर उघडलं. खास नाटकासाठी बांधलेलं, तीन बाजूंनी प्रेक्षक, छोटं आणि देखणं. ज्यांना छोट्या जागेतलं नाटक करायचं होतं त्यांच्यासाठी मुंबईत आता दुसरा पत्ता झाला. ऐंशीच्या दशकात टीव्हीवर मालिका सुरू झाल्या आणि छबिलदासमध्ये तयार झालेल्या माणसांना रोजगार मिळू लागला. त्यात गैर काही नाही. पंधरा वर्षं पदरमोड केलेल्या नटाला ‘तू का गेलास’ म्हणून विचारणं निर्दयपणाचं आहे. १९८७च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. १९९२मध्ये छबिलदासमधले प्रयोग थांबले.

अठरा वर्षं. एका शाळेने आपला हॉल अठरा वर्षं नाटकवाल्यांना दिला, असंही म्हणता येतं. पूर्वी मी हा शेवट ‘हॉल काढून घेतला’ असा सांगायचे. आता त्यात जरा तक्रारखोरपणा वाटतो. भुलाभाई इन्स्टिट्यूटचा बंगला गेला, तिथे उंच इमारत आली. गच्ची गेली. वालचंद टेरेसही गेलं, ताडदेवची ती जागा जिथे सत्तरीच्या सुरुवातीला दुबे आणि इतरांच्या तालमी चालत. या यादीतली एकही जागा नाटकवाल्यांच्या मालकीची नव्हती. सगळ्या कोणीतरी काही काळ वापरायला दिलेल्या.

आविष्कार संपली नाही. माहीमच्या महापालिका शाळेत त्यांचा संसार चालू राहिला, तिथे तालमी आणि प्रयोग झाले, ‘चंद्रशाळा’ने मुलांना घेऊन ‘दुर्गा झाली गौरी’सारखं नाटक नाचवलं, अरविंद देशपांड्यांच्या स्मृतीचा महोत्सव होत राहिला. आणि छबिलदास सुटल्यानंतर दोनच वर्षांनी, १९९४मध्ये, त्यांनी एलकुंचवारांची ‘वाडा’ नाट्यत्रयी सलग केली, चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात. दिवसभराचा, नऊ तासांच्या आसपासचा प्रयोग. घर मोडत जाण्याबद्दलचं नाटक, नुकतंच घर सुटलेल्या संस्थेने केलेलं. मी हा योगायोग मुद्दाम ताणत नाही, पण तो लक्षात आल्यावर डोक्यातून जातही नाही.

*

आम्हाला फेब्रुवारीत जागा मिळाली. एका जुन्या तालमीचा हॉल आहे, म्हणजे कुस्तीच्या तालमीचा. तालमीत तालीम, हा विनोद आमच्यातल्या प्रत्येकाने एकेकदा करून झाला आहे. माती वर्षांपूर्वीच काढून फरशी घातली आहे, भिंतीवर मारुती आहे, आणि उस्तादांची एकच अट आहे, की त्याच्यासमोर चपला घालून नाचायचं नाही. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ आमची. साठ माणसं बसतील, सतरंजीवर. खुर्च्या नाहीत, त्यामुळे कुठे बसवायचं हा प्रश्न रोज पडतो.

किल्ली मिळाली त्या रात्री मी तो ऑगस्टमधला मेसेज पुन्हा उघडला आणि खाली लिहायला लागले. तीन वेळा खोडलं. मग सरळ फोन केला. जिने हॉल मागितला होता ती मुलगी आधी मला ओळखेना. ओळखल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. मी म्हटलं, शुक्रवार तुम्ही घ्या, महिन्यातले दोन, दिवे आमचे वापरा, फुटला तर बघू.

ती म्हणाली, “ताई, ते नाटक मोडलं आमचं. दोघं जणं गावाकडं गेली परत.”

मी काय बोलावं ते मला सुचेना.

“पण नवीन लिहायलोय,” ती म्हणाली. “भाडं किती पडंल?”